शुक्रवारची रजा

आमच्या भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मी तिथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे फिरत्या चाकाने धातू घासणाऱ्या मशीनवर, काम करतो. वय ४२, नोकरी चौदा वर्षांची. गेल्या वर्षी, म्हणजे २०२३च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, दारू सोडण्यासाठी ३५ दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. केंद्रातल्या दिवसांबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलेलं आहे. मला लिहायचंय ते त्याआधीच्या अठरा दिवसांबद्दल. दाखल व्हायची तारीख ठरली होती आणि कंपनीला काय सांगायचं हे ठरत नव्हतं. त्या दिवसांत मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात श्रावणापासून करावी लागेल. मी दर वर्षी श्रावण पाळायचो. महिनाभर थेंब नाही. घरच्यांना आणि स्वतःला दाखवायला तो माझा मोठा पुरावा होता: श्रावणात सोडू शकतो म्हणजे मी व्यसनी नाही. २०२३ला अधिक श्रावण आला. १७ जुलैला अमावास्या, १८ पासून अधिक, मग १७ ऑगस्टपासून निज. मी बायकोला म्हणालो, यंदा दोन्ही पाळतो. १७ला रात्री पोटभर प्यायलो आणि १८ला फर्स्ट शिफ्टला गेलो.

दुपारपर्यंत हात कापायला लागले. पहिल्यांदाच नव्हतं ते. त्याआधीचे चार-पाच महिने मी हात स्थिर राहावेत म्हणून सकाळी घरातून निघताना नव्वद मिली घेऊन निघत होतो आणि तोंडात बडीशेप ठेवत होतो. मागच्या श्रावणांत सकाळची दारू नव्हती, म्हणून ते श्रावण निभावले. या वेळी ती सवयही एकदम तोडली. १९ जुलैला, बुधवारी, एका डायचा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा तुकडा, ग्राइंड करताना मायक्रोमीटर धरता येईना. आकडा तीनदा वाचला, तिन्ही वेळा वेगळा आला. माप गेलं, चाळीस मायक्रॉन जास्त घासला गेला. जॉब स्क्रॅप. शेजारच्या मशीनवरचा मित्र काही न बोलता माझ्या शर्टाकडे बघत होता. घामाने पाठ भिजली होती आणि बाहेर पाऊस पडत होता. त्या संध्याकाळी मी घरी न जाता आधी दुकानात गेलो. दोन महिन्यांचा संकल्प दोन दिवससुद्धा टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बायको म्हणाली, "आज तुम्ही डॉक्टरकडे चला. नाहीतर मी मुलाला घेऊन साताऱ्याला जाते." ती ओरडली नाही, म्हणून मी गेलो.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की पुन्हा कधी घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूसुद्धा शकतो. व्यसनमुक्तीच्या भाषेत या त्रासाला टर्की म्हणतात, तो शब्द नंतर कळला. मी त्याला मनाचा दुबळेपणा समजत होतो, तो शरीराचा धोका होता. हे एवढं जरी कुणी वाचून लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. पुढच्याच गुरुवारची, २७ जुलैची वेळ मिळाली. फी ८०० रुपये. लिव्हरच्या तपासण्या आणि सोनोग्राफी मिळून २,६५० गेले. लिव्हरवर चरबी, एसजीओटी आणि जीजीटी हे लिव्हरचे आकडे वाढलेले. तज्ज्ञांनी निवासी उपचार सुचवले. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण आहे हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं, त्याशिवायही केंद्रं आहेत. मी कुठे गेलो ते लिहीत नाही, माझ्याबरोबरचे लोक ओळखू येऊ नयेत म्हणून. ज्यांना कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

उठताना तज्ज्ञांनी तीन गोष्टी सांगितल्या. दाखल होईपर्यंत एकदम सोडू नका. रोजच्यापेक्षा वाढवू नका. आणि पिऊन मशीनवर जाऊ नका.

पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या. तिसरी नव्हती. सकाळी घेतली नाही तर हात कापतात, घेतली तर पिऊन मशीनवर. ग्राइंडरचा व्हील फुटला तर काय होतं ते मी एकदा दुसऱ्या कंपनीत पाहिलंय. म्हणजे कुणालातरी सांगितल्याशिवाय तिसरी सूचना पाळताच येणार नव्हती. हे मला डॉक्टरांच्या जिन्यावरच समजलं होतं आणि तरी मी पुढे बारा दिवस घालवले.

३ ऑगस्टला केंद्रात पहिली भेट झाली. मी, बायको आणि माझे थोरले भाऊ. समुपदेशक ताईंनी दीड तास घेतला, त्यातला अर्धा तास बायकोबरोबर वेगळा. जागा २१ ऑगस्टची मिळाली, नागपंचमीची. ३५ दिवस धरले तर सुटका २५ सप्टेंबरला. मी कॅलेंडर बघितलं, गणपती १९ सप्टेंबरला. आमच्या घरचा गणपती गेली अकरा वर्षं मीच आणतो. मी म्हणालो, गणपतीनंतर येतो. ताईंनी विचारलं, "मागच्या गणपतीत तुम्ही कसे होतात?" बायको खाली बघत राहिली. तारीख २१ ऑगस्टच राहिली.

मग मी विचारलं, कंपनीला काय सांगू? माझ्या मनात कावीळ होती. कावीळ चांगली पडते, महिनाभर लागतो, पथ्य असतं, दारूचा प्रश्नही आपोआप मिटतो. किंवा गावाकडे वडिलांचं ऑपरेशन. ताई म्हणाल्या, "कावीळ सांगून आलात, तर इथे पस्तीस दिवस उपचार घेण्याऐवजी कावीळ सांभाळत बसाल. कुणी भेटायला घरी आलं तर बायकोला खोटं बोलावं लागेल. आणि गेली किती वर्षं त्या बोलतायत, ते विचारा त्यांना." मग त्यांनीच हेही सांगितलं, की खरं सांगायचं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगायचं असं नाही. रजा ज्याच्या हातात आहे त्याला पुरेसं सांगा. इतरांना "उपचार घेतोय" एवढं खरं आणि एवढंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात आणि त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखली जाते. केंद्र स्वतःहून कंपनीला काही कळवत नाही. फोन आला तर अमुक माणूस आमच्याकडे आहे हेसुद्धा परवानगीशिवाय सांगत नाही.

एवढं सगळं ऐकून ४ ऑगस्टला कामावर गेलो आणि काहीच बोललो नाही. ५लाही नाही. ६ला साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो, आत क्वालिटीचे दोघं बसले होते, परत आलो. भीती काय होती ते नीट लिहितो, कारण ती निराधार नव्हती. कामाच्या ठिकाणी दारूच्या नशेत असणं हे स्थायी आदेशांत, म्हणजे कंपनीच्या शिस्तीच्या नियमांत, गैरवर्तन म्हणून धरलेलं आहे, आमच्या नोटीस बोर्डावरच लावलंय ते. मी उपचाराची रजा मागायला जाणार आणि हातात चार्जशीट घेऊन येणार, असं वाटत होतं. पगार ३१,००० रुपये. २१,०००ची मर्यादा ओलांडल्यामुळे कामगार विम्यातून मी कधीच बाहेर पडलो होतो. ज्यांचा पगार त्या मर्यादेत आहे, त्यांनी आपल्या विमा दवाखान्यात आधी चौकशी जरूर करावी. आजारपणात ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतं आणि तेव्हाच्या कायद्यात तो लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नव्हतं. माझ्यामागे असा आधार नव्हता.

७ तारखेला युनियनच्या प्रतिनिधींना गाठलं. आमच्यातले जुने, सगळे त्यांना काका म्हणतात. चहाच्या टपरीवर नको म्हणून त्यांच्या गाडीमागे बसून आळंदी रोडला गेलो. त्यांनी एक फरक स्पष्ट करून सांगितला, तो मला सगळ्यात उपयोगी पडला. आजारी असणं आणि उपचारासाठी रजा मागणं हे गैरवर्तन नाही. पिऊन कामावर सापडणं हे गैरवर्तन आहे. "सापडायच्या आधी जा. सापडल्यावर गेलास तर तेच शब्द सबब होतात." अर्जात व्यसन, दारू असले शब्द लिहायचे नाहीत, "वैद्यकीय उपचारासाठी रुग्णालयात दाखल व्हायचे आहे" एवढं लिहायचं. तोंडी सांगायचं ते साहेबांना, दार लावून.

८ ऑगस्ट, मंगळवार. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटली. सकाळी घेतली नव्हती, एवढ्यासाठी की वास यायला नको. हात खिशात होते. साहेबांनी बसायला सांगितलं. मी घरून वाक्यं पाठ करून गेलो होतो, बायकोसमोर दोनदा म्हणूनही बघितली होती. तुम्हीही तसं करा. आयत्या वेळी शब्द सुचत नाहीत, पाठ केलेलेच बाहेर पडतात. मी म्हणालो, "साहेब, मला दारूचा आजार आहे. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलंय. २१ ऑगस्टपासून २५ सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर दोन-तीन दिवस. मला नोकरी टिकवायचीय. आणि दाखल होईपर्यंत मला ग्राइंडरवर ठेवू नका."

शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तो इन्सर्ट?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मला माहीत होतं. तू सांगशील असं वाटलं नव्हतं." चौदा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाचा वास किती वेळा ओळखला असेल, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला टूल क्रिबमध्ये बसवलं. टूल देणं-घेणं, रजिस्टर, गेजची यादी. कारण विचारलं तर स्टॉक मोजायचाय असं सांगायचं ठरलं, आणि स्टॉक खरंच मोजायचा होता. त्या बारा दिवसांत मी कुणाच्या जिवावर उठलो नाही, हे त्या वर्षातलं माझ्या हातून झालेलं पहिलं चांगलं काम.

एचआरचं इतकं सरळ गेलं नाही. ९ तारखेला साहेब स्वतः माझ्याबरोबर आले. मॅडमनी स्क्रीनवरून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझे दोन वर्षांचे खाडे. सव्वीसपैकी एकोणीस शुक्रवारचे. पुढे कारणं: ताप, जुलाब, ताप, मुलाची शाळा, ताप. ती सगळी बायकोने सकाळी साडेसहाला फोन करून सांगितलेली होती. मी गादीवर पडलेला असायचो आणि ती स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलायची. तो कागद वाचताना मला तिचा आवाज ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, "आम्ही याच्यावर कारवाई सुरू करणारच होतो. तुम्ही आधी आलात."

रजेचा हिशेब त्यांनी व्यवस्थित केला. २१ ऑगस्ट ते २८ सप्टेंबर ३९ दिवस. त्यातले सहा गुरुवार आणि गणेश चतुर्थीची सुट्टी वजा, कारण भरपगारी रजेत मधल्या सुट्ट्या धरत नाहीत. उरले ३२. माझ्या खात्यावर भरपगारी २२, आजारपणाच्या ४, किरकोळ २. चार दिवस बिनपगारी. माझा अर्ज पंधरा दिवस आधीचा नव्हता, तेराच होते. त्यावर काकांनी तेव्हाच्या कारखाने कायद्याचं कलम ७९ काढून ठेवलं होतं: कामगाराला भरपगारी रजा आजारपणासाठी वापरायची असेल, तर अर्ज मुदतीत नसला तरी ती द्यावी लागायची. मॅडमना ते माहीत होतं, वाद झाला नाही.

वाद झाला तो दुसऱ्या कागदावरून. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, रजा मंजूर करतो, पण याने राजीनामा लिहून द्यावा, तारीख न घालता. पुन्हा प्यायला तर आम्ही तारीख घालू. मी सही करायला तयार होतो. अपराधी माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो. मी काकांना फोन केला म्हणून वाचलो. ते म्हणाले, पेन खाली ठेव आणि बाहेर ये. संध्याकाळी केंद्रातल्या ताईंशी बोललो. त्यांनी सांगितलं, की हा आजार पुन्हा उलटू शकतो, उलटला तर लवकर सांगता यायला हवं. असा राजीनामा फायलीत असेल तर तुम्ही पुन्हा लपवाल. त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. मी लिहून दिलं ते असं: उपचार पूर्ण करीन, रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट आणीन, सहा महिने दर महिन्याला फॉलोअपला हजर राहिल्याचं पत्र देईन, कामावर असताना चाचणीला तयार राहीन. पाच दिवस उत्तर आलं नाही. ते पाच दिवस फार वाईट गेले. १४ तारखेला साहेबांनी टूल क्रिबमध्ये येऊन सांगितलं, झालं. नंतर कळलं, ते वर जाऊन बोलले होते.

तेव्हा तारीख न घातलेला राजीनामा कुणी मागितला तर देऊ नका. त्या जागी काय देता येईल ते घेऊन जा. नुसतं नाही म्हणून उठलो असतो तर माझं काम झालं नसतं.

पैशांचंही सांगतो. केंद्राची फी राहणं, जेवण, औषधं धरून २२,५०० रुपये. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमची मी आशा धरून होतो. टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या मधल्या कंपनीला, फोन केला तर पॉलिसीत अपवाद क्रमांक १२ आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळलेले. हा अपवाद बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसींत एकाच क्रमांकाने छापलेला असतो, आपली पॉलिसी उघडून बघा आणि त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका. मग पीएफ आठवला. तेव्हाच्या योजनेच्या परिच्छेद ६८-जे खाली एक महिना किंवा जास्त रुग्णालयात राहावं लागणार असेल तर आपल्या हिश्शातून उचल मिळायची. सहा महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा आपला हिस्सा, यातलं जे कमी असेल तेवढी. फॉर्म ३१ ऑनलाइन भरला, वैद्यकीय दाखला जोडावा लागला नाही, आधार आणि बँक खातं आधीच जोडलेलं असल्यामुळे कंपनीच्या सहीचीही गरज पडली नाही. ९ ऑगस्टला ४०,००० मागितले, १४लाच खात्यात आले. त्यात फी गेली, बिनपगारी चार दिवसांचं भरून निघालं आणि गणपतीचा खर्च बायकोच्या हातात देता आला.

लाइनवरच्या पोरांना शेवटच्या दिवशी, २० तारखेला सांगितलं. "उपचाराला चाललोय, महिना-सव्वा महिना लागेल." कुणी कसले ते विचारलं नाही. शेजारच्या मशीनवरचा मित्र गेटपर्यंत आला. म्हणाला, "भाऊ, माझे वडील असे गेलेत. तू जा." त्याच्याबरोबर नऊ वर्षं डबा खाल्ला होता, हे मला माहीत नव्हतं.

केंद्रातले दिवस थोडक्यात. पहिले पाच-सहा दिवस टर्कीचे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, रोज कमी होत जाणाऱ्या, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. दोनदा रात्री घाबरून उठलो, दोन्ही वेळा कुणीतरी जागं होतं. मोबाइल नाही. म्हणून कंपनीत बायकोचा नंबर दिला होता, तेही आधी करून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात एचआरमधून कुणीतरी थेट केंद्रात फोन केला. केंद्राने काही सांगितलं नाही. मी फक्त दाखल आणि डिस्चार्जच्या तारखा कळवायला लेखी परवानगी दिली होती, तेवढंच पत्र गेलं. एका व्याख्यानात ऐकलं, की एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ला जाहीर झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आढळलं. आमच्या हॉलमध्ये तेव्हा साठेक माणसं होती. मी बाहेरच्यांचा विचार करत बसलो.

१९ सप्टेंबरला घरचा गणपती मुलाने आणला. दहावीत आहे तो. गौरी जेवल्या त्या आठवड्यात भेटीच्या वेळी बायकोने मूर्तीचा फोटो छापून आणला होता. मुलाने मागे पेन्सिलने लिहिलं होतं, "पप्पा, आरतीला मीच ताट धरलं."

२५ला बाहेर आलो. डिस्चार्जच्या वेळी दोन कागद मागून घ्या. एक, आंतररुग्ण म्हणून अमुक ते अमुक तारखांना उपचार घेतल्याचं. दुसरा, कामावर रुजू व्हायला सक्षम असल्याचं. दोन्हींत निदानाचा शब्द नसावा हे आधी बोलून ठेवा, नाहीतर ऐनवेळी छापील नमुना हातात मिळतो आणि तो बदलून घ्यायला पुन्हा चक्कर होते. माझी तशी एक चक्कर झाली, २६ला. तज्ज्ञांकडून तिसरा कागद घेतला: तीन महिने रात्रपाळी नको. झोप मोडली की ओढ वाढते. हे मला पहिल्या बोलण्यात सुचलं नव्हतं, नाहीतर तेव्हाच मागितलं असतं.

२८ला अनंत चतुर्दशी, गुरुवार. २९ला, शुक्रवारी, रुजू झालो. पंचिंग केलं तेव्हा सहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. कंपनीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, हात पुढे करायला लावले, बोटं पसरून. स्थिर होती. दहा दिवस क्रिबमध्ये, मग ९ ऑक्टोबरला साहेबांनी ग्राइंडर दिला. पहिला जॉब मी चार वेळा मोजला. चारही वेळा तोच आकडा. खंडेनवमीला मशीनची पूजा माझ्याकडेच होती. त्या संध्याकाळी पोरांचं बसायचं ठरलं होतं, मी नारळ फोडून प्रसाद घेतला आणि घरी गेलो. कुणी अडवलं नाही.

इथे संपवता आलं असतं. पण पुढचं लिहिल्याशिवाय हे खरं होणार नाही.

१५ नोव्हेंबरला भाऊबीज. बहिणीकडे गेलो, दाजींचे पाहुणे आलेले. गोळ्या दोन दिवस घेतल्या नव्हत्या, फॉलोअप दिवाळीमुळे चुकलेला. एक घोट म्हणता म्हणता मी प्यायलो. याला स्लिप म्हणतात. गुरुवार अंगावर काढला. रात्री बायको काही बोलली नाही, मुलगा जेवायला बसला नाही. शुक्रवारी पहाटे साडेपाचला जाग आली तेव्हा हातात बारीक थरथर होती. सव्वासहाला बायको उठली आणि सवयीने फोन उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिच्या हातातून फोन घेतला.

ऑगस्टमधलं बोलणं अवघड होतं, हे त्याहून अवघड होतं. तेव्हा माझ्याकडे निदान पुढचा काळ होता द्यायला. आता दिलेला शब्द मोडलेला होता. साहेबांनी फोन उचलला. मी म्हणालो, "साहेब, परवा प्यायलो. आज मशीनवर येत नाही. केंद्रात जातोय, बघून सांगतील. जमलं तर उद्या येतो." थोडा वेळ पलीकडून फक्त गाड्यांचा आवाज येत होता, ते गेटवर असावेत. मग म्हणाले, "जा. पत्र आण." राजीनाम्याचा तो कागद फायलीत असता तर मी हा फोन केला नसता. बायकोने केला असता, तापाचा.

केंद्रात ताईंनी रागावणं नाही, शाबासकी नाही, आधी गोळ्यांचा हिशेब विचारला. दाखल व्हायची गरज पडली नाही. बायकोसमोर गोळ्या घ्यायचं ठरलं, दर गुरुवारी फॉलोअप आणि संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग. सणाच्या आठवड्यात फॉलोअप बुडवायचा नाही, उलट एक जादा घ्यायचा. शनिवारी, १८ला, पत्र घेऊन कामावर गेलो. साहेबांनी मला आठवडाभर पुन्हा क्रिबमध्ये बसवलं.

आज मार्च २०२४. सहापैकी पाच पत्रं देऊन झालीत, सहावं याच महिन्यात द्यायचंय. गेल्या आठवड्यात कशासाठीतरी एचआरमध्ये गेलो असताना मॅडमना माझ्या रजा बघायला मागितल्या. २९ सप्टेंबरनंतर शुक्रवारची एकच रजा आहे, १७ नोव्हेंबरची. कारणाच्या रकान्यात "उपचारासाठी" असं लिहिलंय, अक्षर माझं आहे.